काय केले, की कोणी केले?



आज आपण ज्या नारायण पेठेत जमलो आहोत, तिला नाव मिळाले ते खून झालेल्या एका तरुणाचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार मारले. त्यांचे वय होते अवघे अठरा. तलवारी कोणी चालवल्या हे साऱ्या शहराला ठाऊक होते. कटाचा संशय कोणावर आहे, हेही लोक दबक्या आवाजात बोलत होते. अडचण एकच होती. ज्याच्यावर संशय, तो चुलता राघोबादादाच आता गादीवर बसला होता.

मग गुन्हा ठरवायचा कोणी? पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी तो ठरवला. राघोबादादांनी प्रायश्चित्त विचारले आणि शास्त्रीबोवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शास्त्रीबोवा पुणे सोडून वाईजवळच्या पांडववाडीला जाऊन राहिले. पुढे बारभाईंचे कारस्थान झाले, राघोबादादांची पेशवाई गेली. पण देहान्त शासन त्यांना कधीच झाले नाही. १७८३ मध्ये कोपरगावी त्यांचा अंत झाला. खुनात सामील असलेल्या काही गारद्यांना मात्र पकडून ठार करण्यात आले. आणि लोकांच्या तोंडी दोष आला तो राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंच्या वाट्याला. ‘धरावे’तल्या ‘ध’चा ‘मा’ करून त्यांनी ‘मारावे’ केले, असे आजही सहज बोलले जाते. त्या गोष्टीला भक्कम कागदोपत्री आधार नाही, तरी ती टिकून आहे.

एकच हत्या, पण हिशेब किती वेगवेगळे झाले पाहा. चाकरांना मृत्यू, धन्याला पदच्युती आणि बाईला अडीचशे वर्षांची बदनामी. आजच्या व्याख्यानाचा विषय आहे समाज गुन्हा कसा ठरवतो, आणि या विषयाचे मर्म या एका घटनेत आले आहे. गुन्हा समोर आला की दोन प्रश्न विचारता येतात. काय केले? आणि कोणी केले? पहिला प्रश्न विचारायला समाजाला फार वेळ लागतो, दुसरा मात्र जिभेवर तयार असतो. आपल्या शहराचा आणि आपल्या महाराष्ट्राचा इतिहास या दोन प्रश्नांच्या ओढाताणीतून पाहायचा आहे.

पेशवाईत तर दुसरा प्रश्न उघडपणे पहिला मानला जाई. न्याय होत असे तो धर्मशास्त्र, देशाचार, कुळाचार आणि जातीचा रिवाज पाहून. गावचा तंटा गोतसभेपुढे जाई; साक्षीपुरावा अपुरा पडला तर दिव्य होई, उकळत्या तेलातून धातूचा रवा काढून खरेपणा सिद्ध करावा लागे. ब्राह्मणाला सहसा देहान्त शासन नसे; त्याची रवानगी किल्ल्यावर होई. सिंदळकीचा ठपका बसलेल्या बाईला, विशेषतः ती खालच्या मानलेल्या जातीची असेल तर, सरकारची कुणबीण करून राबवले जाई. दंडाची रक्कम सरकारच्या उत्पन्नात धरली जाई.

याच पेठेत त्या काळी कोतवालाची चावडी होती. घाशीराम सावळदास १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला आणि त्याच्या कारकिर्दीत नारायण आणि शनिवार या पेठांत दोन नव्या चावड्या उभ्या राहिल्या. प्रत्येक चावडीतून रोजनिशी लिहून येऊ लागली. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडणे हाही गुन्हा होता. घाशीरामाच्या जुलमाबद्दल लोक वर्षानुवर्षे कुरकुरत होते. पण त्याचा शेवट झाला तो १७९१ च्या ऑगस्टमध्ये, कोंडून ठेवलेले तेलंग ब्राह्मण गुदमरून मेले तेव्हा. संतापलेल्या जमावाच्या हाती त्याला देण्यात आले आणि दगडांनी ठेचून त्याचा जीव गेला. चौदा वर्षांच्या तक्रारींनी जे घडले नाही ते एका रात्रीने घडवले. का? मेले ते कोण होते, यावर जुलूम मोजला गेला म्हणून.

आता इंग्रजी अमलाकडे वळू. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केला, १८६० मध्ये भारतीय दंड विधान मंजूर झाले, १ जानेवारी १८६२ पासून ते लागू झाले. एकूण ५११ कलमे. खुनाची व्याख्या एक आणि शिक्षाही एक, खून करणारा ब्राह्मण असो की महार. हे मोठे पाऊल होते आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जोतीराव फुल्यांसारख्या माणसाला या राज्यात काहीतरी आशा दिसली, त्याचे एक कारण हेही होते.

पण ही समता किती टिकली? एक तर गोऱ्या आरोपीला खटल्याच्या रीतीत खास सवलती होत्याच. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलाने त्यातली थोडीशी काढायचे म्हटले तर गोऱ्या वसाहतीने आकाशपाताळ एक केले. आणि दुसरे, दंड विधान लागू होऊन दहा वर्षेही झाली नव्हती तोच लागोपाठच्या दोन वर्षांत दोन कायदे आले. १८७० मध्ये राजद्रोहाचे कलम १२४-अ. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा. पहिल्याने शब्दाला गुन्हा केले. दुसऱ्याने जन्माला.

शब्दाचा गुन्हा पुण्याला कोणी शिकवायला नको. इथून हाकेच्या अंतरावर केसरीवाडा आहे. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता छापून आली. आठवड्याने, २२ जूनला, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्तावरचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. गोळी चाफेकर बंधूंची होती, पण सरकारने लोकमान्य टिळकांना पकडले ते मजकुरासाठी. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायदा समजावताना सांगितले की सरकारबद्दल प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती. जरा विचार करा. कृती नको, चिथावणीने दंगल झाल्याचा पुरावा नको. वाचकाच्या मनात सरकारबद्दल प्रेम उरले नाही, एवढे पुरे! ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. दीड वर्षाची सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी सरकारने कलमच दुरुस्त करून त्याची मांडणी आणखी रुंद केली आणि शेजारी १५३-अ हे नवे कलम आणून ठेवले.

१९०८ मध्ये पुन्हा तेच. या वेळी ‘केसरी’ नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यातून, म्हणजे आजच्या केसरीवाड्यातून, निघत होता. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख खटल्यात आले. वाड्याची झडती झाली, आणि त्या झडतीत एक साधे कार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. सरकार पक्षाने ते कार्ड पुरावा म्हणून न्यायालयात मांडले. टिळकांनी सांगितले की नव्या स्फोटक कायद्यावर टीका लिहायची होती, त्यासाठी ती पुस्तके पाहायची होती. संपादकाच्या टेबलावर पुस्तकांची नावे सापडणार नाहीत तर काय सापडेल? पण एकदा माणूस संशयित ठरला की त्याच्या घरातला प्रत्येक कागद पुरावा होतो. टिळक ज्यूरीपुढे एकवीस तासांहून अधिक बोलले. लेख मराठी होते, ज्यूरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे होती. सात युरोपियन एका बाजूला, दोन पारशी दुसऱ्या बाजूला. सहा वर्षे काळे पाणी. शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दिनशा दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते.

पुढे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना याच कलमाखाली शिक्षा देताना न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचाच आधार घेतला. आणि १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली त्याच्या बाहेर, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते टिळकांचे शब्द कोरलेली संगमरवरी शिला बसवली गेली. तीच इमारत, तेच न्यायालय. लेखातले एक अक्षर बदलले नव्हते. गुन्हा मात्र गौरव झाला होता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या ‘केसरी’ने शब्दाला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याशी झुंज दिली, त्याच ‘केसरी’ने १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला. त्या कायद्याने मागणी किती केली होती? मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा. लग्न झालेले असले तरी त्या वयाच्या आतल्या मुलीशी संग करणे हा गुन्हा, एवढेच. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती. ती समजून घेता येते, पण पटत नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या शरीरावर जे होत होते त्याला गुन्हा म्हणायला एवढे मोठे मन धजले नाही, ही आपल्या इतिहासातली दुखरी जागा आहे आणि ती झाकून ठेवू नये.

आणि सरकारच गुन्हे ठरवते असे थोडेच आहे? जातही ठरवत होती. ऑक्टोबर १८९० मधली गोष्ट. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती, यांच्या पुढाकाराने पुण्यातली मोठमोठी मंडळी पंचहौद मिशनमध्ये गेली. व्याख्यान झाले, मग चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा प्याले, कोणी नुसता कपाला हात लावला. रानडे होते, टिळक होते. काही दिवसांनी गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, आणि शहर पेटले!

ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! तक्रार शंकराचार्यांकडे गेली. त्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमले. त्या मंडळींपुढे साक्षी झाल्या, युक्तिवाद झाले. कोणी म्हणाले प्यालोच नाही, कोणी धर्मग्रंथांचे आधार काढले, टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. फिर्याद, आरोपी, न्यायाधीश, बचाव, शिक्षा, सारे काही होते. दंड विधानात मात्र या गुन्ह्याचे नाव कुठे नव्हते. तरी शिक्षा खरी होती. पुरोहित दारी येईनात, पंक्ती मोडल्या, नात्यागोत्यात दोन तट पडले, लेकीसुनांचे येणेजाणे अवघड झाले. शेवटी १८९२ मध्ये खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रानड्यांसारख्या माणसाला एका कपासाठी मान तुकवावी लागली, ती तुरुंगाच्या धाकाने नव्हे. सोयरीक तुटण्याच्या धाकाने. बहिष्कार ही शिक्षा कोणत्याही कोठडीहून लांब पोहोचते, कारण ती सबंध घराला होते.

रानड्यांना मित्र होते, पद होते. ज्याला काही नाही त्याचे काय? जातपंचायतींनी वाळीत टाकलेली कुटुंबे महाराष्ट्रभर होती आणि आहेत. मुलीने जातीबाहेर लग्न केले, पंचांचा दंड भरला नाही, पंचांच्या परवानगीवाचून पोलिसांत गेले, अशा कारणांवरून पाण्याला बंदी, मयताला खांदा नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर, तो रद्द केला. मग पन्नासहून अधिक वर्षे मध्ये गेली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड. पंचहौदच्या प्रकरणात चहा हा गुन्हा आणि बहिष्कार ही शिक्षा होती. आज चहा हा चहा आहे आणि बहिष्कार हा गुन्हा आहे. सव्वाशे वर्षांत गुन्हा आणि शिक्षा यांनी जागा बदलल्या. हे आपोआप घडले का? मुळीच नाही. फुल्यांपासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांपर्यंत माणसे झिजली तेव्हा ते घडले.

आता या व्याख्यानातला सर्वांत जड भाग. जन्माचा गुन्हा.

१८७१ च्या कायद्यामागचा तर्क असा होता: हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर. म्हणून सबंध जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करा. आधी उत्तरेत, मग १९११ च्या कायद्याने सगळीकडे. एकदा राजपत्रात जमातीचे नाव छापले की त्या जाहिरनाम्याच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने शंका घ्यायची नाही, असे कायद्यातच लिहिले होते. पारधी, कैकाडी, भामटा, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट. पाळण्यातल्या पोरावरही डोळे उघडायच्या आत शिक्का बसलेला. मोठे झाले की नोंद आणि बोटांचे ठसे. ठरल्या वेळी हजेरी. गाव सोडायचे तर पास. हजेरी चुकली तर तोच एक नवा गुन्हा, म्हणजे ज्याने आयुष्यात कधी चोरी केली नाही तोही तुरुंगात जाऊ शकत होता. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंद ठेवायची तरतूद होती. त्यांनी बाईच्या वेशात रस्त्यावर फिरणे, नाचणे हेही शिक्षापात्र होते.

सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. आतल्या बायाबाप्यांना गिरण्यांत कामाला जावे लागे; जाताना मोजणी, येताना मोजणी. कुंपण गेले त्याला आता कित्येक दशके झाली, पण शहराचा तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. अशाच शिक्का बसलेल्या जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांनी आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, तेव्हा जगाने कपाळावर मारलेला शिक्का त्यांनी स्वतःच्या हाताने जगासमोर धरला.

आणि हे शिक्के किती फसवे असतात! रामोशी हे गावोगावचे राखणदार. पुण्याच्या लष्करात साहेब लोक आपल्या बंगल्यांवर रामोशी नेमत. त्याच रामोशांचा नाईक उमाजी सरकारविरुद्ध उठला तेव्हा त्याला पकडून ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले गेले. त्याला पकडण्यात पुढे असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉश यांनी पुढच्याच वर्षी रामोशांवर पुस्तक प्रसिद्ध केले. सरकारी कागदांत उमाजी दरोडेखोर. आज त्याचीच जयंती शासन साजरी करते. त्याच्या हातून झालेल्या गोष्टी तेव्हाही त्याच होत्या आणि आजही त्याच आहेत.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या जोखडातून सुटल्या. त्यांच्या वस्त्यांवर तो दिवस विमुक्त दिन म्हणून साजरा होतो. १५ ऑगस्ट १९४७ नंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी आलेले हे स्वातंत्र्य. पण राजपत्रातले नाव पुसले म्हणून पोलीस ठाण्यातली सवय पुसली का?

नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, बायकामुलींवर अत्याचार झाले. हादरवून टाकणारा गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे उघड झाले. आणि मग, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. जी बाई त्या रात्रीतून वाचली होती, तिने लगेचच पोलिसांच्या छायाचित्रांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसे ओळखली होती. तो पुरावा खटल्यात पुढे आणलाच गेला नव्हता. त्या चौघांचा तपासही झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या, असे न्यायालय म्हणाले. सोळा वर्षे! त्यातली कित्येक फाशीच्या कोठडीत. आणि ज्या कुटुंबाची माणसे गेली, त्यांना काय मिळाले? खरे मारेकरी कोण, हे त्यांना आजही कळलेले नाही. ‘कोणी केले असेल’ याचे उत्तर जातीवरून आधीच ठरवले की निरपराध मरणाच्या दारात उभा राहतो आणि अपराधी निवांत घरी जातो. दोन्ही बाजूंनी अन्याय होतो, आणि तो कायद्याच्या नावाने होतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका पत्रकाराच्या याचिकेवर तुरुंगांतल्या जातीवरच्या भेदांवर बोट ठेवले. नियमपुस्तिकांतल्या तशा तरतुदी, आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरण्याची रीत, घटनाविरोधी ठरवली. १८७१ पासून मोजा, दीडशेहून अधिक वर्षे.

गुन्ह्याची व्याख्या आणि वर्गवारी केवळ दिल्ली-मुंबईत होते असे नाही. ती रोज आपल्या चौकीत होते. मारहाण झालेला माणूस ठाण्यात गेला की अंमलदार पहिली गोष्ट पाहतो ती ही की प्रकरण दखलपात्र की अदखलपात्र. हाताने मारले, सूज आली, तर ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतात, पावती देतात आणि कोर्टात जा म्हणतात. हाड मोडले किंवा दात पडला, तर दुखापत गंभीर, मग प्रकरण दखलपात्र आणि तपास सुरू. जुन्या कायद्यात वीस दिवस वेदना राहिल्या तर गंभीर दुखापत होई. नव्या भारतीय न्याय संहितेत पंधरा दिवस. बायकोला नवऱ्याने रोज मारले पण हाड मोडले नाही, तर १९८३ पर्यंत कागदावर ती एक ‘एनसी’ होती. ४९८-अ कलम आले तेव्हा तीच मारहाण दखलपात्र गुन्हा झाली. बाईच्या अंगावरचे वळ तेच होते.

त्याच १९८३ मध्ये बलात्काराचा कायदाही बदलला, आणि त्याची मुळेही महाराष्ट्रात आहेत. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले: अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार दिल्लीचे. त्यांच्या जोडीला रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. पोलीस ठाण्यात, रात्री, गणवेशातल्या माणसासमोर गप्प राहिलेली मुलगी संमती देत असते काय? त्या पत्राने हा प्रश्न देशापुढे उभा केला. देशभर बायका रस्त्यावर आल्या. चार वर्षांनी कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद झाली.

गुन्ह्याची व्याख्या नीट कशी करावी, याचे उदाहरणही जवळच आहे. इथून नदीकडे गेले की ओंकारेश्वराजवळचा पूल लागतो. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी त्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. अठरा वर्षे ते ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी खटपट करत होते, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. या कायद्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने कोणाच्या श्रद्धेची व्याख्या केलेली नाही, कोणत्याही पंथाचे नाव घेतलेले नाही. शेवटी एक अनुसूची जोडली आहे आणि त्यात कृत्ये लिहिली आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, चेटूक करतो म्हणून कोणाला छळणे. काय केले, याची यादी. कोण आहे, याची नाही. गुन्ह्याची व्याख्या कशी करावी याचा असा नमुना आपल्याच महाराष्ट्रातल्या माणसाने घालून दिला, आणि तो घालताना जीव दिला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्या खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली, तिघांची पुराव्याअभावी सुटका झाली.

आता पुन्हा शब्दाच्या गुन्ह्याकडे येऊ. राजद्रोहाच्या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीच्या ४२० चे ३१८ झाले, खुनाच्या ३०२ चे १०३ झाले. राजद्रोह हा शब्द गेला. सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याविषयीचे १५२ कलम आले. बोललेला आणि लिहिलेला शब्द याही कलमाच्या कक्षेत आहे. केसरीवाड्याच्या शेजारी बसून हे कलम वाचणाऱ्याने ते बारकाईने वाचले पाहिजे.

शेवटी एक विनंती. १० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्याआधी ते संयुक्त समितीकडे होते आणि त्या समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. कोणाला ते विधेयक हवे असेल, कोणाला नको असेल. मतभेद असू द्यावेत. पण बारा हजार पत्रे ही साधी गोष्ट नाही. काही विधेयकांचे मसुदे मराठीत प्रसिद्ध होतात, हरकतींसाठी मुदत दिली जाते, पत्ता दिला जातो. असा मसुदा पुढच्या वेळी हाती आला की त्याचे दुसरे कलम उघडा. बहुधा तिथेच व्याख्या असतात. कृत्य नेमके लिहिले आहे का, की माणसांच्या गटाचे वर्णन आहे, ते पाहा. ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे की अधिकाऱ्याला, ते पाहा. आणि जे खटकेल ते मुदतीच्या आत, सही करून, लिहून कळवा.